देओलिंदाचे त्रेमोस

देओलिंदा : अगं, एकच तर म्हणतेय. साल काढ, दाणा तोंडात टाक, झालं.

इल्दा : आई, किती वेळा सांगू, आत्ताच कॉफी घेतली. जिभेवर अजून कॉफीच आहे. तूच बघ ना चाखून.

देओलिंदा : मी सकाळपासून चाखतेच आहे. चाखून चाखून जीभ बधिर झालीय. दुसऱ्याच्या तोंडाला बरोबर कळतं.

इल्दा : बघते नंतर. हे पिंप आधी सावलीत ओढू दे. बापरे, केवढं जड! कोईंब्राहून मी सण बघायला आले, हमाली करायला नाही.

देओलिंदा : नंतर नको, आत्ता. अमिल्कारनं सकाळी दोन बादल्या नेल्यात आपल्या बारमध्ये, उरलेले मिरवणूक सुटायच्या आत हवेत म्हणतो. संत पेद्रूची पालखी नदीवरून परतली की सगळं गाव त्याच्याच दारात. आधी बियर, मग तिच्याबरोबर चघळायला खारे दाणे, "देओलिंदाचे त्रेमोस कुठेत?" दरवर्षीचं आहे.

इल्दा : मग दरवर्षी तू मला चाखायला लावत नाहीस. उलट हातावर चापट मारायचीस.

देओलिंदा : यंदा लावतेय. रंग बघ, अंड्याच्या बलकासारखा पिवळा आलाय. घे.

इल्दा : बरं बाई, दे. ... थू! आई! हे काय?

देओलिंदा : काय झालं? मीठ कमी पडलं?

इल्दा : मीठ? कडूजहर आहे! औषधाची गोळी चघळल्यासारखं.

देओलिंदा : थोडं कडू, का खूप?

इल्दा : म्हणजे काय? तुला माहीत नाही?

देओलिंदा : मी विचारतेय ते सांग. थोडं, का खूप?

इल्दा : खूप. थांब, दुसरा बघते. ... हाही तसाच.

देओलिंदा : तळातला घे.

इल्दा : तळातला, वरचा, मधला, सगळे सारखेच. आई, तू सकाळपासून चाखतेयस म्हणालीस ना?

देओलिंदा : जीभ बधिर झालीय, तेही म्हणाले.

इल्दा : इतकी? अगं, झोपेत तोंडात पडला तर माणूस उठून बसेल, असा दाणा आहे हा! तू—

झेफेरिनो : देओलिंदा! फाटकाला दोन कड्या कधी बसवल्यास? एक धरावी तर हातात दुसरीच येते, आणि तीही येत नाही!

इल्दा : झेफेरिनोकाका! या या. शेजारून इथवर यायला भिंत का धरताय?

झेफेरिनो : कोण, इल्दा का? आवाजावरून ओळखलं बघ. तोंड मात्र धुक्यातलं दिसतंय तुझं. ऊन फार झालं, दुसरं काही नाही. पाणी दे गं पोरी. जीभ टाळूला चिकटलीय. सकाळपासून हौद रिकामा केला पाण्याचा, तरी कोरडंच.

देओलिंदा : बस तू आधी. पडशील.

झेफेरिनो : आणि प्यालेलं पाणी जातंय कुठं, तेच कळेना. आत जातं, बाहेर यायचं नाव नाही. बायकांपुढं बोलू नये, पण आता तुम्ही दोघी घरच्याच.

इल्दा : काका, इकडे उजेडाकडे बघा. आई, बघ यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या. केवढ्या मोठ्या झाल्यात! डोळा नुसता काळाच दिसतोय.

झेफेरिनो : तरुणपणी याहून सुंदर होते. विचार आईला.

इल्दा : सकाळी काय खाल्लंत?

झेफेरिनो : नेहमीचंच. पाव, जरा चीज. आणि हिनं आणून दिलेला वाडगा.

इल्दा : कसला वाडगा?

देओलिंदा : मी पाणी आणते.

इल्दा : थांब आई. काका, कसला वाडगा?

झेफेरिनो : त्रेमोसचा, दुसरा कसला? सणाचा पहिला वाडगा माझा. तुझे वडील होते तेव्हापासूनची पद्धत आहे.

इल्दा : सगळा खाल्लात?

झेफेरिनो : चाटूनपुसून.

इल्दा : कडू नाही लागले? ... काका, तुम्हाला विचारतेय.

झेफेरिनो : लागले जरासे.

इल्दा : जरासे?

झेफेरिनो : बरं, विष होते नुसते! पण ही दारात उभी. "कसे झालेत, झेफेरिनो?" म्हणून माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, जसा मी न्यायाधीश आणि ही पिंजऱ्यात. काय म्हणणार होतो? म्हटलं, झकास. आणि एकदा झकास म्हटल्यावर अर्धा वाडगा परत देता येतो का? ही हलेचना तिथून.

देओलिंदा : मूर्ख माणसा! मी खरंच विचारत होते!

झेफेरिनो : मला काय स्वप्न पडलं खरंच विचारतेस म्हणून? बाईमाणूस स्वतः केलेलं घेऊन दारात येतं, आणि विचारतं कसं झालंय. त्याला जगात एकच उत्तर आहे!

इल्दा : गप्प बसा दोघंही, फोन लागलाय. हॅलो? विषबाधा मदतकेंद्र ना? त्रेमोस. नाही, कच्चे नाहीत, भिजवून उकडलेत, पण कडू पुरतं उतरलेलं नाही. वाडगाभर. एकच माणूस. वय... काका, वय?

झेफेरिनो : सत्तर.

देओलिंदा : अठ्ठ्याहत्तर.

इल्दा : अठ्ठ्याहत्तर. तोंड कोरडं पडलंय, नजर अंधुक, लघवी अडलीय. ... शुद्धीवर आहेत. बडबड? बडबड करतायत, पण ती रोजचीच. ... काका, छातीत धडधडतंय का?

झेफेरिनो : देओलिंदा समोर असली की—

इल्दा : काका!

झेफेरिनो : धडधडतंय. बऱ्यापैकी धडधडतंय, पोरी.

इल्दा : हो, धडधडतंय. ... उलटी काढायची नाही. बरं. गाडी आहे माझी, लगेच आणते. चला काका, दवाखान्यात.

झेफेरिनो : त्रेमोस खाऊन दवाखान्यात? बारमध्ये तोंड दाखवायला जागा राहील का मला? अगं, आमच्या लहानपणी मटण दिसायचं ते नाताळात. बाकी वर्षभर हेच. यावर आम्ही पाच भावंडं वाढलो, यावर वडिलांनी जाळी ओढली. मटणाची ताकद आहे यात!

इल्दा : ताकद आहे ती कडू उतरल्यावर. तोपर्यंत हे अन्नाला नाही, विषाला जवळ. मला हे आईनंच शिकवलंय. भिजवलेलं पाणी अंगणात सुद्धा ओतू द्यायची नाही. गावातल्या लुर्दिशच्या कोंबड्या ते पिऊन मेल्या तेव्हापासून.

देओलिंदा : त्या कोंबड्या तशाही आजारी होत्या.

इल्दा : आई, बारमधल्या दोन बादल्या याच पिंपातल्या? ... आई!

देओलिंदा : याच.

इल्दा : फोन कर अमिल्कारला.

देओलिंदा : करते. मीठ वाढवायला सांगते. भरपूर मीठ पडलं की कडू कळत नाही.

इल्दा : कळत नाही म्हणूनच तर माणसं मुठी भरभरून खातील! काय बोलतेयस तू?

देओलिंदा : मला कळतंय मी काय बोलतेय. तुला कळतंय का? आत्ता तिथं पाद्री असतील, बँडवाले असतील, फ्रान्सहून सुट्टीला आलेली पोरंबाळं असतील. त्या सगळ्यांदेखत बादल्या उचलल्या, की उद्यापासून माझा दाणा कुणी हातात धरणार नाही. तू कोईंब्राला निघून जाशील. मी इथं राहणार आहे.

इल्दा : आणि उचलल्या नाहीत तर? यांच्यासारखी अजून कितीजणं भिंती धरत येतील?

देओलिंदा : तू जा त्याला घेऊन.

इल्दा : फोन करणार का?

देओलिंदा : जा म्हटलं ना!

इल्दा : तू फोन केल्याशिवाय मी इथून हलत नाही.

झेफेरिनो : पोरी, मला इथं दोन देओलिंदा दिसतायत. एक तुझ्याशी भांडेल, दुसरी फोन करेल. तू मला उचल. आता खरंच बरं वाटत नाहीये.

इल्दा : चला. माझ्या खांद्यावर भार टाका. डोकं सांभाळा, पायरी आहे.

देओलिंदा : ... अमिल्कार? देओलिंदा बोलतेय. त्या दोन्ही बादल्या उचल. ... नाही, अजून नको पाठवायला! आहेत तेच उचल म्हणतेय. कुणाला दिलेस का? ... किती जणांना? ... परत घे त्यांच्या हातातून. तोंडात असतील तर थुंकायला सांग. कुणाला तोंड कोरडं पडल्यासारखं, दिसेनासं झालं, तर सरळ दवाखाना. ... कडू आहेत. ... हो, माझेच. माझेच आहेत म्हणून सांग. ... ऐकू येत नसेल तर ओरडून सांग. बँड वाजतोय तर बँड थांबव!

(दुसऱ्या दिवशीची दुपार. देओलिंदाचं स्वयंपाकघर. टेबलावर कोबीच्या सूपचे दोन वाडगे; दोघी जेवतायत.)

इल्दा : काकांना सोडून आले घरी. रात्रभर लघवीला नळी लावली होती, सारा राग तिच्यावर. बाकी ठीक. नजर परतलीय. डॉक्टरीणबाईंना लग्न झालंय का म्हणून विचारलं म्हणे.

देओलिंदा : म्हणजे बरा आहे.

इल्दा : डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब, अजून एक वाडगा गेला असता तर भारी पडलं असतं. आणि बारमध्ये?

देओलिंदा : बँडमधला ट्रम्पेटवाला. बाकीच्यांनी एकदोन दाणे खाऊन टाकून दिले, यानं खाल्ले. तोंड इतकं कोरडं पडलं की फुंकर निघेना. रात्रीतून उतरलं. मी सकाळी गेले होते त्याच्या आईकडे.

इल्दा : काय म्हणाली?

देओलिंदा : दार उघडलं, ऐकून घेतलं, दार लावलं.

इल्दा : आणि पिंप कुठंय? अंगणात दिसलं नाही.

देओलिंदा : रिकामं केलंय. दाणे पोत्यांत भरून परत भिजायला नदीत सोडलेत. फेकायचे कशाला? दाणा वाईट नाही. वाहतं पाणी लागेल तसं कडू निघून जाईल.

इल्दा : किती दिवसांत?

देओलिंदा : दिवसांवर असतं का ते? मी यंदा दिवसांवरच गेले ना, तिथंच फसले. दरवर्षीइतकं भिजवलं, दरवर्षीइतकं उकडलं, सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. पण यंदा व्यापारी वेगळा, दाणा वेगळा. एखाद्या जातीचा दाणा जास्तच कडू असतो. डोळ्याला कळत नाही, बोटाला कळत नाही. जिभेलाच कळतं.

इल्दा : आणि जीभ?

देओलिंदा : पाव घे अजून.

इल्दा : कधीपासून, आई?

देओलिंदा : थंडीत ताप आला होता बघ. तुला सांगितलं होतं, साधा ताप आहे म्हणून. ताप गेला. जाताना चव घेऊन गेला.

इल्दा : अजिबातच नाही?

देओलिंदा : सुरुवातीला सगळं पुठ्ठ्यासारखं. आता पुठ्ठ्यासारखंही नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही. असलं ज्ञान मलाही होतं.

इल्दा : वास?

देओलिंदा : तोही नाही.

इल्दा : अगं, म्हणजे गॅस! गॅस सुटला तर कळणार कसं तुला?

देओलिंदा : बघते ना. बंद केला की बघते. अंगणात गेले की परत येऊन बघते. चर्चमध्ये अर्ध्या प्रार्थनेतून उठून आलेय बघायला. दूध नासलंय का, कळत नाही, टाकून देते. अंगाला घामाचा वास येत असेल म्हणून दोनदा धुते. इथून तिथं, तिथून इथं. घरात बसवतच नाही मला.

इल्दा : आणि खातेस काय?

देओलिंदा : चावता येईल ते. मासा नुसता ओला लागतो, मटण म्हणजे चिंधी. गेल्या वर्षीचे त्रेमोस होते बरणीत, चांगले उतरलेले. ते बरे, दाताखाली कटकन फुटतात, काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाले, दुसरं काही जात नसताना अंगात जोर राहिलाय तो त्यांच्यावरच.

इल्दा : आता पोती नदीतून काढायची कधी, ते कोण सांगणार? मी शनिवारीच येऊ शकते. आणि झेफेरिनोकाका उतावीळ झालेत, "मी चाखतो" म्हणून.

देओलिंदा : त्याची जीभ माझ्यापुढं खोटं बोलते. नको. मी लुर्दिशला विचारलंय.

इल्दा : लुर्दिशला? तुम्ही दोघी चर्चमध्ये एका बाकावर बसत नाही!

देओलिंदा : म्हणूनच. माझ्या दाण्याला कडू म्हणताना ती कचरणार नाही. मी विचारलं तेव्हा हसली आधी. चांगली पोटभर हसली. मग म्हणाली, उद्या नदीवर येते.

इल्दा : लुर्दिशला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. रोज फोन करते मी तुला. एक दिवस चुकवला नाही.

देओलिंदा : करतेस की. रोज विचारतेस, आई, जेवलीस का? मी म्हणते, जेवले. जेवलेलेच असते. खोटं कधी बोलले नाही तुझ्याशी.

इल्दा : पण सांगायचं ना गं.

देओलिंदा : कसं लागलं, ते तू कधी विचारलं नाहीस. आता रडू नकोस. वाडगे दे इकडे, घासून टाकते.

इल्दा : राहू दे, मी घासते. तू बस. ... आई, आज कसं लागलं सूप?

देओलिंदा : गरम.