साक्षीला आलेल्या जावा

सरकारी दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. समोरच्या खोलीत इथल्या मोठ्या डॉक्टरसाहेबांविरुद्ध चौकशी चालू होती.

"पेपरात नाव कशाला छापू दिलंस? तेही फोटोसकट!"

"वार्ताहर बाईंनी विचारलं, नाव लपवू का? मी म्हटलं, लपवायचं ते साहेबांनी. अँब्युलन्स त्यांच्या मुलीला क्लासला सोडायला गेलेली, आणि मामंजींना आपण हातगाडीवरून आणलं. माझं काय चुकलं, ताई?"

"चुकलं नाही गं. पण साहेबांनी डूख धरला तर?"

"बातमी वाचून कितीतरी जणांनी पेपरला फोन केले. साहेब निलंबित होऊन घरी बसलेत. आणि काल शेजारच्या बाळंतिणीला न्यायला अँब्युलन्स थेट दारात आली की नाही?"

"आली खरी. ड्रायव्हर विचारत होता, आजोबा आता हिंडतात-फिरतात का म्हणून."

"मग? तुम्ही बसा निवांत. मी सांगून येते."

दार उघडलं. शिपायाने धाकटीचं नाव पुकारलं. थोरली तिच्याआधी उठली.

"दादा, माझंही नाव घ्या. त्या दिवशी साहेबांना फोन मी केला होता. 'गाडी बिघडलीय' म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय."