एक तुकडासुद्धा नाही

सून : मी रागावणार नाही, बाबा. फक्त खरं सांगा. आमच्या चिमणीला तुम्ही चोरून पाव देत होतात ना?

सासरे : जरा बाजूला हो. भट्टीचं दार उघडतोय, झळ लागेल.

सून : एखादा तुकडा तरी? गरम गरम, माझं लक्ष नसताना?

सासरे : इतक्या महिन्यांनी सूनबाई बेकरीत पाय ठेवतात, त्या चोर पकडायला. पाणी तरी घे.

सून : पाणी नको. उत्तर द्या.

सासरे : उत्तर तुला ठाऊक आहे. याच ओट्याशी उभी राहून म्हणालीस, तुमच्या भट्टीतून विष निघतं. माझ्या लेकीच्या पोटात एक कण गेला, तर नातीचं तोंड दिसणार नाही. पाव घ्यायला आलेली माणसं ऐकत होती.

सून : तोंडाला येईल ते बोलले होते मी.

सासरे : तोंडाला आलेलं नव्हतं ते. वाचून आली होतीस.

सून : मग काय करणार होते? पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या, वर्गात सगळ्यांत बुटकी. डॉक्टर म्हणायचे, जंत असतील, लाडावलीय. आणि फोनवरच्या त्या आयांच्या ग्रुपमध्ये जी ती सांगत होती, आमच्याकडे गहू सोडला आणि थांबलं. मी गहू सोडला. मग वाटलं, अर्धवट कशाला? मका, बाजरी, भात, सगळं धान्यच बंद केलं.

सासरे : उतार पडला म्हणून सगळ्यांना सांगत फिरलीस की.

सून : पडला होता. पोट बसलं, खेळायला लागली. मग पुन्हा वजन उतरायला लागलं. आता जिना चढता चढता मध्येच बसते, आणि मला म्हणते, आई, तू हो पुढे. काल मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. रक्तात काही सापडलं नाही.

सासरे : नाही सापडलं तर बरंच की.

सून : तसं नाही ना, बाबा. रोज गहू पोटात जात असेल, तरच गहू न सोसण्याच्या दुखण्याची खूण रक्तात दिसते म्हणे. तपासायच्या आधीच मी बंद करून बसले. आता तो रिपोर्ट असून नसून सारखा. गव्हाचंच दुखणं असेल, नाहीतर भलतंच काही असेल आणि आतल्या आत वाढत असेल.

सासरे : म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

सून : बोला. आज सगळं ऐकून घेणार आहे.

सासरे : आधी तपासा, मग सोडा, असं तुझ्या त्या ग्रुपमध्ये कुणी सांगितलं नाही?

सून : सांगितलंही असेल. मला घाई झाली होती.

सासरे : हं.

सून : बाईंनी विचारलं, मधल्या काळात कुणी चोरून देत होतं का? रोज थोडं थोडं जात असेल, तर हा रिपोर्ट खरा धरता येईल. माझ्या डोळ्यांपुढे तुम्हीच आलात. पहिल्यांदाच वाटलं, यांनी माझं ऐकलं नसेल तर किती बरं होईल. एकुलती एक नात, पावाच्या वासानं दारात घुटमळणारी. बाबा, दिला असेल तर मी तुमच्या पाया पडते.

सासरे : एक तुकडासुद्धा नाही.

सून : आठवून बघा.

सासरे : त्यात आठवायचं काय? तुमच्याकडे यायचो तो आंघोळ करून, नखं घासून, धुतलेला सदरा घालून. तरी ती म्हणाली, आजोबा, तुमच्या कानात पीठ आहे. त्या दिवसापासून यायचंच सोडलं.

सून : मला वाटलं, तुम्ही रुसलात.

सासरे : रुसलो होतोच. पण पाळलं. आता डॉक्टरीणबाईंसमोर हो म्हणू का? तू म्हणशील तर म्हणेन.

सून : त्यानं काय होईल?

सासरे : तू सुटशील.

सून : आणि ती?

सासरे : ते मात्र खरं.

सून : एकच वाट आहे म्हणाल्या. गहू परत सुरू करायचा. रोज, सकाळ-संध्याकाळ, दीड-दोन महिने. मग पुन्हा रक्त काढायचं.

सासरे : विष असेल, तर तेच हातानं भरवायचं.

सून : हो. परत पोट फुगणार, परत रात्री कळवळणार, आणि मी म्हणायचं, अजून एक घास घे. सकाळी बिस्कीट काढलं होतं तिच्यासाठी. माझाच हात पुढे जाईना.

सासरे : तिचा बाप काय म्हणतो?

सून : तूच सुरू केलंस, तूच निस्तर.

सासरे : खाण तशी माती. माझाच मुलगा तो.

सून : तुम्ही द्या ना, बाबा. तुमच्या हातून हसत खाईल.

सासरे : म्हणून तर नको. दुखायला लागलं की आठवेल तिला, कुणी दिलं ते.

सून : मग मी शेजारी उभी राहते. म्हणजे तिला आपण दोघंही आठवू.

सासरे : आहे कुठे ती?

सून : बाहेर पायरीवर. आत यायची नाही. मीच तसं शिकवलंय.

सासरे : चिमणे, ये गं आत.

चिमणी : आत पीठ उडतं, आजोबा. मी इथूनच बघते.

सून : ये. आज चालतं.

चिमणी : हात धुऊ?

सासरे : धू. आणि हा घे. आत्ताच काढलाय, फुंकर घालून खा.

चिमणी : ह्यात गहू असतो. मला गहू चालत नाही, विचारल्याबद्दल थँक्यू.

सासरे : हे काय नवीन?

सून : मीच पाठ करून घेतलंय. शाळेत कुणी डबा पुढे केला की म्हणायला. चिमणे, खा तू. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय.

चिमणी : म्हणजे मी बरी झाले?

सासरे : खा बाळा. निवतोय तो.

(चिमणी पाव मधोमध मोडते. एक अर्धा खाते, दुसरा फ्रॉकच्या खिशात घालते.)

सून : तो का ठेवलास गं?

चिमणी : उद्या परत बंद झालं तर.