आडवा टाकलेला गर्डर

धाकटी : आधी कामगारांना सांग, टेकूंना हात लावायचा नाही. एकालाही.

दादा : चहाला गेलेत सगळे. अगं, आल्या आल्या काय सुरू केलंस? बॅग तरी खाली ठेव.

धाकटी : बॅग राहू दे. हा गर्डर असा कुणी टाकला?

दादा : असा म्हणजे कसा?

धाकटी : आडवा! कुशीवर झोपवलाय त्याला. मी फोनवर सांगितलं होतं ना तुला, इंग्रजी आय जसा लिहितात तसा उभा दिसला पाहिजे म्हणून?

दादा : आडवा काय, उभा काय, लोखंड तेवढंच. वजन करून घेतलाय मी.

धाकटी : लोखंड किती आहे त्यापेक्षा ते कुठे आहे, ते बघायचं असतं. वरून भार आला की वरचा पट्टा दाबला जातो, खालचा ताणला जातो. मधल्या पत्र्याला तसं काम कमी, म्हणून तो पातळ. त्याचं मुख्य काम काय, तर या दोन पट्ट्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवायचं. जितके लांब, तितका गर्डर ताठ. तू आडवा टाकलास आणि सगळं लोखंड मधोमध गोळा केलंस. आता पंधरापट जास्त झोल येईल याला.

दादा : वर्गात बसवलंस मला. हजेरी पण घे.

धाकटी : थट्टा सुचतेय तुला? याच्या बरोबर वर काय आहे?

दादा : बाबांची खोली.

धाकटी : खोलीत काय आहे?

दादा : ...खाट. खिडकीजवळ हवी होती त्यांना.

धाकटी : भिंत पाडून मोकळे झालात. वरचा अख्खा स्लॅब टेकूंवर उभा आहे, आणि आज संध्याकाळी तुम्ही ते टेकू काढणार होतात.

दादा : ओरडू नकोस. वर ऐकू जाईल. त्यांचा जरा डोळा लागलाय.

धाकटी : नाही ओरडत. त्या वेल्डरला येऊ दे फक्त. चांगली खरडपट्टी काढते त्याची.

दादा : त्याला काही बोलायचं नाही.

धाकटी : का नाही? एवढी वर्षं हेच काम करतो म्हणालास ना?

दादा : तो उभाच लावत होता. मी आडवा टाकायला लावला. नाही नाही म्हणत होता बिचारा. शेवटी म्हणाला, तुमच्या बहिणीला विचारा. मी म्हटलं, विचारलंय.

धाकटी : दादा!

दादा : काय दादा, दादा.

धाकटी : ती फ्रेमची पट्टी दे इकडे. ती लांब, शिसवी रंगाची. दोन स्टुलांवर ठेवून दाखवते तुला.

दादा : ठेव ती खाली. फ्रेमच्या पट्ट्यांतच जन्म चाललाय माझा. आडवी धरली की मान टाकते, कडेवर धरली की हलत नाही. हे मला बाबांनी शिकवलंय, तू शाळेतसुद्धा जात नव्हतीस तेव्हा.

धाकटी : म्हणजे तुला कळत होतं.

दादा : कळत होतं.

धाकटी : मग का केलंस असं?

दादा : उभा फार खाली येतो. खोली बुटकी दिसते.

धाकटी : हे फ्रेमचं दुकान आहे. कोपऱ्यात सरसाचा डबा आहे, छताला गेल्या दहा वर्षांची जळमटं आहेत. तुला कधीपासून दिसण्याची पडली? आणि कान खाजवू नकोस. लहानपणी काच फोडलीस की असाच खाजवायचास.

दादा : दुकानाचं छत सहा फूट दहा इंच. दहा इंचांचा गर्डर उभा लावला की खाली उरतात सहा फूट. आडवा टाकला की सहा-पाच.

धाकटी : बरं मग?

दादा : बाबा सहा-तीन आहेत.

धाकटी : बाबांसाठी केलंस हे?

दादा : भिंत पाडली ती त्यांना खाली आणायलाच ना? इकडे त्यांची खाट येणार, पलीकडे मागच्या खोलीत बाथरूम. म्हणजे दिवसातून दहा वेळा याच्याखालून जाणार ते. रोज डोकं आपटणार. तुझ्या पुस्तकात दुसरा एखादा आकार असेल ना? इतकं शिकलीस. सांग, मी आणतो.

धाकटी : बारा फुटांच्या गाळ्यात? चौकोनी नळी घेतली तर ती याहून कमी उंचीची चालणार नाही. दोन चॅनल पाठीला पाठ लावून जोडले तर आठ इंचांत भागेल. रुंद पट्ट्यांचा गर्डर आणला तरी आठच. आठाच्या खाली मी जाऊ देणार नाही.

दादा : म्हणजे सहा-दोन.

धाकटी : तरी एक इंच कमीच.

दादा : एका इंचाचं काय ते बघू. चप्पल काढून चालतील.

धाकटी : दादा, इकडे बघ माझ्याकडे. डॉक्टर तुझ्याशीही तेच बोलले ना, जे माझ्याशी बोलले?

दादा : डॉक्टर येतात पाच मिनिटं. पाय मी चोळतो रोज, सकाळ-संध्याकाळ. परवा अंगठा हलला त्यांचा. मी बघितला.

धाकटी : तो आपसूक हलतो. ते हलवत नाहीत.

दादा : तू होतीस का इथे?

धाकटी : नव्हते.

दादा : मग?

धाकटी : नव्हते, कबूल आहे. रिपोर्ट मात्र दहादा वाचलेत. मणक्यात जिथे मार बसलाय, त्याच्या खाली काहीच पोचत नाही. ऑपरेशनच्या आधीही नव्हतं पोचत. ते चाकांच्या खुर्चीत बसून जातील याच्याखालून. डोक्यावर हातभर जागा उरेल.

दादा : पुरे.

धाकटी : न उठणाऱ्या माणसाचं डोकं आपटू नये म्हणून तू त्याच्याच खाटेखालचा आधार काढून घेतलास, दादा.

दादा : पुरे म्हटलं ना! मी उभा गर्डर लावायचा म्हणजे काय करायचं, तुला कळतंय का? ते इथे येणार, वर बघणार. आयुष्य पट्ट्या मोजण्यात गेलंय त्यांचं. नुसत्या नजरेनं कळेल त्यांना की हे सहा-तीनच्या माणसासाठी केलेलं नाही. की ते आता उभे राहणार नाहीत, असं घरात सगळे धरून चाललेत. मी सांगितलेलं नाही त्यांना अजून काही. नाही जमलं मला.

धाकटी : मलाही नाही जमलं. फोनवर रोज सांगते, बाबा, व्यायाम सोडू नका.

(वरच्या खोलीतून, जिन्याच्या तोंडाशी आवाज घुमतो.)

बाबा : अरे, खाली कोण आलंय?

दादा : ...जागे आहात, बाबा?

बाबा : भिंत पाडलीत तुम्ही. आता कुजबुजसुद्धा वर येते.

धाकटी : मी आलेय, बाबा.

बाबा : ऐकलं. सगळं ऐकलं. ती म्हणते तसा लाव रे.

दादा : बाबा, मी फक्त तुमच्यासाठी—

बाबा : ते नंतर. आधी माझी खाट सरकव पलीकडच्या भिंतीकडे, आणि गर्डर उभा करून घे. वेल्डरला म्हणावं, चूक त्याची नव्हती.

दादा : सांगतो.

बाबा : उभा केला की खाली किती उरतंय?

दादा : सहा फूट.

बाबा : मग मला वाकून जावं लागेल.

दादा : ...हो. चार बोटं, बाबा. जास्त नाही.