दोन खोल्या जास्तीच्या

आई : मग सुताराला काय स्वप्न पडलं? मला म्हणाला, ‘ताईंनी त्यांच्या खोलीत कपाट नको म्हणून सांगितलंय.’

मुलगी : अगं, कपाट काय, नंतरही होईल. आत्ताच कशाला घाई, म्हणून म्हटलं.

आई : ठमे, मला दूधखुळी समजू नकोस. इतकी वर्षं एकाच कपाटावरून दादाशी भांडत काढलीस, आणि आता स्वतःची खोली मिळाली तर कपाट नको?

मुलगी : घरी गेल्यावर बोलू या का?

आई : आता हेच घर. बोल.

मुलगी : मला नोकरी लागलीय. लांब, दुसऱ्या शहरात. पुढच्या महिन्यात जायचंय.

आई : अगं मग! चांगलंच आहे की! यात लपवायचं काय? कधी कळलं?

मुलगी : उन्हाळ्यात.

आई : उन्हाळ्यात तर आपण घरं बघत हिंडत होतो. तू या खिडकीशी उभी राहून म्हणालीस, ‘आई, माझं टेबल इथे.’

मुलगी : तू इतकी खुशीत होतीस, मला सांगवेना.

आई : अगं, मी खुशीत होते कारण तू टेबल मांडत होतीस! दादाला माहीत होतं?

मुलगी : हो. म्हणजे... तोही इथे नाही राहणार. लग्नानंतर तो आणि वहिनी तिच्या ऑफिसजवळ भाड्याने राहणार आहेत. तो सांगणार होता तुला, खरंच.

आई : कधी? सामान टेम्पोत चढवल्यावर?

मुलगी : बाबा म्हणाले, घराचा व्यवहार होईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही.

आई : बाबा म्हणाले.

(वडील हातात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आत येतात.)

वडील : वॉचमन बरा माणूस दिसतोय हं. काय गं, चेहरे का असे दोघींचे?

आई : पोरं इथे राहायची नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं?

वडील : सांगितलंस होय गं तू?

मुलगी : तिनंच ओळखलं, बाबा.

वडील : हे बघ, पोरं आज ना उद्या जाणारच. जगरहाटीच आहे ती.

आई : जाऊ देत की. मी काय त्यांचे पाय धरून बसणार होते? पण मग आपण घर का बदललं? ‘पोरं मोठी झाली, त्यांना खोल्या हव्यात,’ कोण म्हणालं? म्हणून मी शिवणवर्ग मोडला. मशिनी विकल्या. पोरी दारात रडत उभ्या होत्या, तर उलट मीच त्यांची समजूत घातली, ‘अगं, माझ्या मुलांसाठी जातेय.’

वडील : तुला खरं सांगितलं असतं तर तू तिथून हललीच नसतीस.

आई : नसतेच हलले.

वडील : बघ! अगं, काय होतं तिथे? सकाळपासून ती घरघर, दारात बायकांच्या चपलांचा ढीग. स्वतःच्या घरात शिरायला मला वाट काढावी लागायची. म्हटलं, निवृत्त झालो, आता तरी जरा शांतता...

आई : म्हणजे वर्ग नको होता तुम्हाला.

वडील : असं मी कधी म्हटलं का?

आई : तेच तर. म्हटलं असतंत तर कडाकडा भांडले असते. भांडून पटलंही असतं कदाचित. पण पोरांचं नाव काढलं की ही मुकाट उठते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक. इतक्या वर्षांच्या संसारात माझं तेवढंच बरोब्बर ओळखलंत.

मुलगी : आई, मी नाही जात. इथेच बघते काहीतरी.

आई : खबरदार! जायचंच. तुझ्या नोकरीवर नाही गं माझा राग.

मुलगी : चुकलं माझं.

आई : हो, चुकलं.

वडील : बरं, झालं ते झालं. जुनं घर आता विकलंय, मागे थोडंच जाता येणार? चल, स्वयंपाकघर तरी बघ. ओटा मुद्दाम तुझ्या उंचीचा करून घेतलाय. पहिल्यांदा आलो तेव्हा केवढं आवडलं होतं तुला!

आई : आवडलं होतं ना. मला तिथे चौघं जेवताना दिसली होती.