धोंडबाची लाल चिठ्ठी

हॅलो?… हो मेघा, बोल वं… नाही माय, झोपली नव्हती. मीठ शोधून राहिली होती.

मीठ वं, मीठ! तुह्या बाबानं पुन्हा जागा बदलली… अवं, रिटायर होऊन सहा महिने झाले, पण बुटीबोरीची कंपनी काही डोक्यातून जाऊन नाही राहिली. तिथं शिकवलं होतं ना, फालतू चाल नको, फालतू सामान नको, हर चीज आपल्या जागेवर. तेच आता माह्या किचनमध्ये चालू आहे… हसू नको! ओट्यावर पिवळी पट्टी चिकटवली. पट्टीच्या आत तेल-तिखट, पट्टीच्या बाहेर मी.

हो, हो… ऐक तर. काल चहा करताना माही पावलं मोजली. चाळीस! म्हणे, अंजना, अठरात होते… मग काय? म्हटलं, करा तुम्हीच अठरात… केला ना. साखर विसरले.

अवं, ते त काहीच नाही. सहा महिने वापरलं नाही का त्या चीजेवर लाल चिठ्ठी, अन् चिठ्ठी लागली का सामान घराबाहेर. लांब रोटीच्या मडक्यालेच लावली पाहय!… हो, आजीचंच मडकं, पालथं घालून वरून रोटी भाजायचं. म्हटलं, पाहुणे आले का लांब रोटी होते, पाहुण्याले काय टाइमटेबल राहते?… नाही, जाऊ नाही दिलं. पलंगाखाली लपवलं.

भांडणार होती वं, चांगली भांडणार होती. पण सकाळी… थांब, दार लोटते… सकाळी पाहिलं त त्यायच्या ड्यूटीच्या डब्यावर लाल चिठ्ठी. त्यायचंच अक्षर. ‘सहा महिने उपयोग नाही.’ खाली सही, धोंडबा.… नाही, रडून नाही राहिली… बरं, रडली थोडीशी. तीस वर्षं मी भरला तो डबा, मेघा. मले बिलकुल पाहवलं नाही.

हं?… काय म्हणते?… तुह्या खानावळीत?… शिफ्ट सुटली का मौद्याच्या कारखान्याचे दोनशे जण एकदमच?… रोट्या इकडे, वरण तिकडे, पोरी एकमेकींवर आदळतात?… अवं, मग मले काहून सांगते, त्यायले सांग!… नाही, नाही, मी सांगितलं त समजतील बायकोनं जुगाड केलं. तूच माग. खरंच गरज आहे ना?… माही शपथ?… थांब मग.

अजी! ऐकता का? मेघाचं काम आहे तुमच्याकडे… काम, काम! घ्या फोन.

…

हॅलो, मेघा? काय सांगितलं वं तू? फोन माह्या हातात कोंबून पट्टीचा रोल शोधून राहिले. शिट्टी वाजवून राहिले!… हो, उद्या सकाळच्याच बसनं. अन् डबा मागितला… तोच वं, दुसरा कोणता! चिठ्ठी केव्हाच काढून फेकली मी.

पण ऐक, आठ दिवस ठेव… नाही, महिना-बिहिना काही नाही! त्यायचाच नियम आहे, वापरून झालं का चीज जागेवर वापस. अन् त्यायची जागा इथं आहे, नागपुरात, माह्यापाशी… हस, हस. पण वेळेवर आणून ठेवजो माह्या माणसाले.

चल, ठेवते… अजी! जायच्या आधी मीठ कुठं आहे ते त सांगा!