उरलेला एक ट्रान्झिस्टर

क्युबातल्या कामाग्वे शहरात पावाच्या रांगेत मी "शेवटचं कोण?" म्हणून दोनदा ओरडलो. पुढच्या म्हाताऱ्याने नुसता हात वर केला, तोंड बायकोशीच चालू. भांडणारच होतो, पण ऐकतच राहिलो.

"सोलरचे तीनशे व्होल्ट उतरवून तिचाकीच्या बॅटरीला साठ देतो म्हणालास. चार ट्रान्झिस्टर फुटले, लिबोरियो."

"आवाज ऐकलास ना? अख्ख्या गल्लीला कळलं, इथे तज्ज्ञ राहतो."

"आता किती उरलेत?"

"एक. तोही गेला तर तिचाकी दारात आणि धंदा बंद."

"अरे, आधी मधे बल्ब जोडायचा ना! शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि ट्रान्झिस्टर वाचतो. पोरांना तूच शिकवायचास."

"तीस वर्षं शिकवलं."

"मग?"

"घरात बल्ब एकच. तो तू कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावलायस."

"मागायचास की!"

"पिल्लांकडे मागू? मास्तर माणूस मी!"

"आज गेल्या गेल्या काढ तो."

"आणि पिल्लं?"

"तुझ्या शर्टात घेऊन बस. फक्त बल्ब पेटला तर दचकून उडी मारू नकोस, नेहमीसारखी."