राखून ठेवलेली जागा

जमलेल्या बंधू-भगिनींनो, आणि संगमेशच्या मातोश्री शांतक्का,

वयामुळे मी बसून बोलतो, क्षमा असावी. माझे शिक्षण चौथीपर्यंत. मुलाच्या वयाच्या माणसाला निरोप कसा द्यावा, हे त्यात नव्हते.

चिटगुप्प्याच्या आपल्या सहकारी संस्थेच्या गोदामात संगमेश संगणक सांभाळत होता. संस्थेचा अध्यक्ष मी. तुरीच्या हंगामात पाच खिडक्यांवर वजनाच्या पावत्या निघत, आणि संगणक अडखळे. संगमेशने कारण सांगितले. पाचही खिडक्यांची माहिती यंत्राच्या एकाच सामाईक स्मृतीत असते. ती स्मृती बारीक पानांत विभागलेली. कोणते पान कोठे, हे शोधण्यातच वेळ जातो.

"अप्पा, गोदामात तुमी पोत्याची नोंद ठेवता का थप्पीची?"

"थप्पीची."

"मग यंत्रालाबी थप्प्या लावून देऊ. पानं मोठी करू. फक्त जागा आधी राखून ठेवावं लागतंय."

त्याने राखली. खिडक्या झरझर चालू लागल्या.

पुढे मला कळले, त्या राखीव जागेत दुसरे कोणतेही काम होत नाही. मी म्हणालो, भर हंगामात जागा अडवणे आपल्या गोदामाची रीत नव्हे. कमी कर.

"अप्पा, थोडी जरी कमी पडली तर यंत्र मोठी पानं घ्यायचंच न्हाई. समदं परत बारीक पानावर जाईल."

"अध्यक्ष कोण?"

"तुमीच की. पण यंत्राला कुठं ठाव हाय?"

तो हसला. मी हसलो नाही. त्याने जागा कमी केली.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा सुरू केले, आणि पाचही खिडक्या तुंबल्या. ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. सायंकाळच्या बैठकीत सर्वांनी त्याला धारेवर धरले. "कामून केलास रे असं? येत न्हाई तर सांगायचं!"

मी खुर्चीत बसलो होतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "चूक झाली."

मी काय बोललो? काहीही नाही.

सकाळी त्याने जागा पूर्ववत केली. तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही. गेल्या सोमवारी अल्पशा आजाराने तो गेला.

शांतक्का, आपल्या मुलाला काम येत नाही, असे गावात बोलले गेले. ते आपल्याही कानांवर आले असेल. त्याला काम येत होते. चूक त्याची नव्हती. हुकूम माझा होता.

त्याने राखलेल्या जागेला यापुढे कोणी हात लावू नये. अध्यक्षानेही नाही.

संगमेश खोलीत आला म्हणून मी कधी खुर्चीवरून उठलो नाही. आज उठतो. आपणही उभे राहावे, आणि काही क्षण कोणी बोलू नये.